भोंगाबाई आणि मोजपट्टीचा खोकला

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्याला एके काळी खरा भोंगा होता. तो एका सकाळी जो बसला तो बसलाच. पाळी सुरू व्हायची वेळ झाली तरी माणसं बाहेर अंगणात गप्पा ठोकत उभी. तेव्हा डिंक लावायच्या टेबलावरची एकोणीस वर्षांची नवीन पोरगी दारात आली, तिने छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, "चला-ऽ-ऽ!" पलीकडच्या साबणाच्या कारखान्यातली माणसंसुद्धा विड्या टाकून आत पळाली म्हणतात. थोरल्या मालकांनी भोंगा दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवला.

ती पोरगी आता त्रेपन्न वर्षांची होती, कारखान्याची सुपरवायझर होती, आणि तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. तिचा अभिमान आवाजाचा नव्हताच, नजरेचा होता. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणे. मुंग्या खरंच सुटत नसत. डिंकाच्या डब्याशी आलेली मुंगी तिला लांबून दिसे. माणसांचं काय, ते पुढे कळलंच.

झालं असं, की दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात एक जण दारू पिऊन मशीनवर उभा राहिला आणि दोन बोटं घालवून बसला. बातमी ऐकून धाकट्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटे मालक म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. वय चौतीस, मन मऊ, आणि कुणाला एक वाकडा शब्द बोलायची वेळ आली की विषय हवापाण्यावर. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, एक दिवसाचं शिक्षण आहे. कामावरची नशा कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचं. आपल्याकडून कुणीतरी जायला हवं."

"ओळखायला शिक्षण कशाला हवं? मला पाहिलं की कळतं."

"तरी जाऊन या. जेवण आहे तिथे."

बाई गेल्या. पहिल्या रांगेत बसल्या. शिकवायला एक तरुण डॉक्टरीण होती, शांत, हळू बोलणारी. तिने फळ्यावर सात लक्षणं लिहिली. डोळे लाल होणं, हात थरथरणं, उशिरा येणं, मधेमधे गायब होणं, चिडचिड, तोंडाला वास किंवा तो लपवायला सारखं काहीतरी चघळणं, आणि एकटंएकटं राहणं. बाईंनी सातही वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येकाखाली दोन रेघा मारल्या. मग डॉक्टरीण म्हणाली, "आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही लक्षणं दहा वेगळ्या कारणांनी होऊ शकतात. तुम्ही निदान करायचं नाही. त्या माणसाच्या कामात काय बदललं, तेवढंच पाहायचं आणि तेवढंच बोलायचं." हे मात्र बाईंनी लिहून घेतलं नाही, कारण नेमका तेव्हा चहा आला.

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून बाई कामावर हजर झाल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बत्तीसपैकी एकोणीस जण व्यसनी निघाले. चिडचिड हे लक्षण स्वतःला लावलं असतं तर वीस.

पहिला नंबर लागला हमालाचा. खोक्यांचे गठ्ठे ट्रकवर चढवणारा हा दांडगा गडी, त्याला पैलवान म्हणायचे. डोळे लालभडक. बाईंनी त्याला भिंतीशी उभा केला. "वर बघ. खाली बघ. काय घेतोस?"

"कडेवर घेतो," पैलवान म्हणाला. "एकाला या कडेवर, दुसऱ्याला त्या. जुळी आहेत बाई, दीड महिन्याची. एक झोपलं की दुसरं उठतं."

मग डिंक लावणारी. ती टेबलाशी उभ्या उभ्या डुलत होती. बाई चोरपावलांनी मागून गेल्या आणि तिच्या केसांआडून काय निघालं, तर कानात खुपसलेला गाणी ऐकायचा इअरफोन. धाकट्या मालकांच्या तोंडात सदा पेपरमिंटची गोळी असते, हे लक्षण क्रमांक सहा होतं, पण मालकांना भिंतीशी कसं उभं करणार? त्यांच्या नावापुढे बाईंनी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

खरा घोटाळा केला तो कारकुनाने. हा गृहस्थ रोज अकरा वाजता गोदामात जाऊन आतून कडी लावायचा आणि पाच मिनिटांनी बाहेर यायचा. गायब होणं, एकटं राहणं, दोन लक्षणं एकदम! तिसऱ्या दिवशी बाईंनी खांद्याने दार लोटलं. कडी तशीही सैल होती, ती निघून हातात आली. आत कारकून एका हातात छोटा आरसा आणि दुसऱ्या हातात स्वतःचे केस घेऊन उभा होता. ते सगळेच्या सगळे केस डोक्यावरून उतरवलेले होते आणि तो त्यांना कंगवा करत होता.



"बाई," कारकून रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही."

"मी कुणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. म्हणजे त्यांना ते कुजबुजायचं होतं. त्यांची कुजबूज डिंकाच्या टेबलापर्यंत गेली आणि तिथून पुढे तिला कुणी ढकलायची गरज पडली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आठवड्याच्या आत सगळा कारखाना बाईंवर उलटला. सकाळी दारात एकेक जण त्यांच्या समोर थांबायचा, तोंडाचा आ करून त्यांच्या तोंडावर फुंकर मारायचा आणि "हा घ्या बाई, आजचा वास" म्हणून आत जायचा. कारकून टोपी घालून येऊ लागला आणि बाईंशी फक्त चिठ्ठीवरून बोलू लागला.

या सगळ्यात बाईंची समजूत काढली ती एकट्या मोजपट्टीने.

मोजपट्टी म्हणजे पंचिंग मशीनवरचा कारागीर. कानामागे कायम घडीची पट्टी, पण ती कधी उघडायची वेळ येत नसे. नुसत्या डोळ्याने तो सांगे, "अर्धा मिलिमीटर जास्त आहे," आणि मोजलं की अर्धाच निघे. तेवीस वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याला पुठ्ठा कसा धरायचा इथपासून बाईंनीच शिकवलं होतं. तो त्यांना ताई म्हणे. त्याची बायको त्याच नात्याने त्यांना हसत हसत वन्सं म्हणायची, आणि बाईंना सख्खा भाऊ नसल्यामुळे ते फार गोड लागायचं.

"जाऊ दे ताई," मोजपट्टी म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. चार दिवसांत विसरतील." आणि तो खोकला.

हा खोकला त्याला दोन हिवाळ्यांपूर्वी लागला होता. तेव्हापासून मशीनशेजारच्या कप्प्यात औषधाची बाटली असायचीच. बाटली संपली आणि त्याला जायला जमलं नाही, तर बाईच घरून येताना औषधाच्या दुकानातून आणून द्यायच्या. दुकानदार आधी म्हणाला होता, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध देत नाही. पण बाईंनी "माणूस खोकून मरतोय आणि तुम्हाला कागद हवा?" असं विचारलं, तेव्हा दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दोन सायकली थांबल्या. दुकानदाराने मुकाट्याने बाटली दिली. त्यानंतर तो बाईंना लांबून पाहिलं की बाटली काढूनच ठेवायचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मग एका सोमवारी दोनशे खोकी परत आली. चपलांच्या दुकानाची खोकी होती आणि झाकणं बसत नव्हती. मोजपट्टीने एक उचलून पाहिलं आणि म्हणाला, "पुठ्ठाच दमट आलाय. सुकला की आकसतो." बाईंनी मान डोलावली. पण तो गेल्यावर त्या तिथेच थांबल्या. त्यांनी ते खोकं उलटंसुलटं केलं. पुठ्ठा आकसला तर सगळीकडून आकसेल. हे एका बाजूने तिरकं होतं, आणि चांगलं तीन मिलिमीटर. पट्टीची गरज न लागणारा माणूस, आणि तीन मिलिमीटर त्याला दिसले नाहीत?

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही.

मंगळवारी दुपारी, चहा होऊन गेल्यावर, बाई डिंकाच्या टेबलाकडून येत होत्या. पंचिंग मशीन म्हणजे उभा लोखंडी जबडा. तो उघडला की पुठ्ठा आत सरकवायचा आणि हात मागे घ्यायचा. मिटला की खोक्याचा आकार कापला जातो, पुन्हा उघडला की कापलेला पुठ्ठा काढून घ्यायचा. मिनिटाला पंधरा-वीस वेळा. पुढे हात अडवणारी जाळी होती, पण तिच्यामुळे काम हळू होतं म्हणून ती केव्हाच वर बांधून टाकली होती. मोजपट्टीने पुठ्ठा आत सरकवला. हात मागे आला. पुन्हा सरकवला. हात आला, पण जरा रेंगाळून. तिसऱ्यांदा सरकवला आणि त्याच्या पापण्या मिटल्या. हात आतच.

बाई सात पावलांवर होत्या. आयुष्यभर ज्या आरोळीवर भाकरी मिळवली ती ओठांपर्यंत आली, आणि त्यांनी ती गिळली. दचकून त्याने हात मागे घेण्याऐवजी पुढे घातला तर? त्या धावल्या. कशा धावल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही, पण चप्पल एकच पायात राहिली होती. त्यांनी लाल बटण दाबलं. जबडा अर्ध्यावर थांबला.

मोजपट्टीने डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग हळूच तो बाहेर काढला, जणू दुसऱ्या कुणाचा होता.

"सर्दीने डोळे जड झालेत ग ताई," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

त्याच्या मागे कप्पा अर्धवट उघडा राहिला होता. बाईंनी आत पाहिलं. रिकाम्या बाटल्या, चौदा. मोजपट्टीचाच कप्पा तो, त्यामुळे एका ओळीत, सारख्या अंतरावर, सगळ्यांची लेबलं पुढे. त्यांतल्या चारांवर त्या औषधवाल्याचा शिक्का होता. त्या चार बाईंनी आणल्या होत्या.

संध्याकाळी घरी त्या भाजी चिरायला बसल्या आणि एकच गाजर अर्धा तास चिरत राहिल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसल्याने म्हणा किंवा घरात बोलायचं काम दुसऱ्याने उचलल्यामुळे म्हणा, ते फारसं बोलत नसत. "हं" हा त्यांचा आवडता शब्द. बाईंनी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"चार तू आणल्यास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चार."

"मग त्याच्याशी बोलायला दुसऱ्या कुणाला पाठवणार?"

त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. बाईंनी गाजर सोडलं आणि डॉक्टरणीला फोन लावला.

डॉक्टरणीने आधी फोन कानापासून लांब धरला असावा, कारण तिचा आवाज दुरून आला. मग तिने एकेक गोष्ट सांगितली. उद्या सकाळी पहिलं काम, त्याला मशीनवर उभं राहू द्यायचं नाही, मग तो काहीही म्हणो. चारचौघांत बोलायचं नाही. 'तू व्यसनी आहेस' असं म्हणायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. आणि त्याने रागाच्या भरात औषध एकदम, एकट्याने बंद करता कामा नये, त्याने प्रकृती बिघडू शकते. तिने परवाची वेळ देऊन ठेवली.

"आणि बाई," ती म्हणाली, "हळू आवाजात बोला."

"हळूच बोलतेय की!" बाई म्हणाल्या.

जेवणानंतर त्यांनी सराव केला. यजमानांना खुर्चीवर बसवलं आणि मोजपट्टी व्हायला सांगितलं. "हे बघ," त्या जमेल तितक्या खालच्या पट्टीत म्हणाल्या, "मी तुला दोष द्यायला आले नाही. पण जे चाललंय ते मी पाहिलंय. तू मला खरं काय ते सांग."

 मग भिंतीपलीकडून शेजारच्या आजोबांचा कापरा आवाज आला, "कबूल आहे हो वहिनी! मीच नेतो तुमचा पेपर. पण वाचून झाल्यावर परत ठेवतो!"

यजमान त्या दिवशी हसले. बाईंना ते लग्नानंतर तिसऱ्यांदा ऐकू आलं.

सकाळी बाईंनी मशीनची चावी कमरेला लावली आणि मोजपट्टीला केबिनमध्ये बोलावलं. धाकट्या मालकांनाही बसायला सांगितलं होतं. ते बसले, उठले, पाणी प्याले, मोजपट्टीपुढे बिस्किटं सरकवली आणि म्हणाले, "यंदा हवेत दमटपणा जरा जास्तच आहे, नाही?" मग खिडकीबाहेर बघू लागले.

"हे बघ," बाईंनी सुरुवात केली. अगदी हळू.

मोजपट्टी ताडकन उभा राहिला. "ताई, कोण गेलं?"

"कुणी नाही रे. बस."

"मग अशी का बोलतेस?"

"कशी?"

"माणसासारखी!"

मालकांच्या हातातलं बिस्कीट मोडलं. बाईंनी मोठा श्वास घेतला. "काल दुपारी तुझा हात जबड्यात होता आणि डोळे मिटलेले होते. मी सात पावलांवर होते. परत आलेली खोकी तीन मिलिमीटर तिरकी आहेत, एका बाजूने. तुझ्या कप्प्यात चौदा बाटल्या आहेत. एवढंच मी पाहिलं. बाकी मला माहीत नाही. ते तू सांग."

मोजपट्टी आधी हसला. खोकला म्हणजे खोकला, त्याचं काय एवढं! मग चिडला. कप्प्यात डोकावायचा काय अधिकार? आता माझ्या तोंडाचा वास घेणार का? कारकुनाची अब्रू घेतलीस, आता माझी? मालक इतके लहान झाले की खुर्चीत दिसेनासे झाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि बाटल्या बाटल्या काय करतेस?" तो शेवटी म्हणाला. "तूच आणून दिल्यास ना?"

"चार," बाई म्हणाल्या. "दहा बाकी तुझ्या. माझ्या चारांची मला लाज वाटते. म्हणून मीच बोलतेय, दुसऱ्या कुणाच्या तोंडी दिलं नाही. तुझा हात गेला असता, तर त्यातली चार बोटं माझ्या नावावर होती."

मोजपट्टीने कानामागची पट्टी काढली. उघडली, मिटली, उघडली. मग ती टेबलावर ठेवली.

आणि तो सांगू लागला. खोकला पहिला महिनाभर खरा होता. औषधाने तो गेला. पण औषध घेतलं की छान गाढ, मऊ वाटायचं, आणि नाही घेतलं की अंगावर काटा, पोटात कळ, रात्र उघड्या डोळ्यांनी. मग खोकला चालू ठेवावा लागला. "सवयीने खोकायचो ग. कधी विसरायचो, मग दोनदा खोकायचो." तीनदा सोडून पाहिलं. तिन्ही वेळा चौथ्या दिवशी दुकान गाठलं. "तुझ्या त्या सात लक्षणांची मला एवढी धास्ती होती! आणि तू एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. रोज वाटायचं, आज ताई पकडेल. रोज वाटायचं, पकडू दे एकदाचं."

 

यावर बोलले ते मालक. खिडकीकडे तोंड करूनच. "नोकरी कुठे जात नाही. डॉक्टरांकडे जाऊन या. मशीन मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही." एवढं बोलून त्यांना घाम फुटला, पण बोलले.

डॉक्टरणीकडे जाताना मोजपट्टीबरोबर बायको होती आणि बाई होत्या. बाहेरच्या बाकावर बायकोने डोळ्याला पदर लावला. "मला ठाऊक होतं हो वन्सं. दीड वर्ष ठाऊक होतं. मी काय करायचे, गुपचूप अर्धी बाटली मोरीत ओतायचे आणि साखरेचं पाणी घालून भरून ठेवायचे. वाटायचं, निम्मं तरी कमी."

"मग?"

"मग यांना पुरेनासं झालं. हे दुप्पट घेऊ लागले."

डॉक्टरणीने हे ऐकल्यावर मोजपट्टीची रक्तातली साखरही तपासायला पाठवली. ती वाढलेली निघाली.

तो बारा दिवस दवाखान्यात होता. तेवढ्या दिवसांत इकडे कारखान्यात एकेक भानगड बाहेर आली. बाईंनी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं, 'तब्येत बरी नाही' एवढंच. पण मोजपट्टीने स्वतःच पैलवानाला निरोप धाडला, की सगळ्यांना खरं सांगून टाक, लपवालपवीचा कंटाळा आला. तशी डिंकवाली बाईंकडे आली आणि चाचरत म्हणाली, त्याचे तिरके पुठ्ठे मी ओढूनताणून सरळ चिकटवत होते, वर्षभर. पैलवान म्हणाला, फारच वाकडी खोकी मी गठ्ठ्याच्या मधोमध दडवायचो. कारकुनाने चिठ्ठी पाठवली, की तो दुपारी गोदामात झोपायचा तेव्हा 'मालाची तपासणी' अशी नोंद मी करायचो, कारण गोदामात मला त्याने बिनकेसांचं पाहिलं होतं आणि तो गप्प राहिला होता. मालकही हळूच म्हणाले, मशीनशेजारी डोळे मिटून उभा असलेला मी त्याला दोनदा पाहिला होता. मला वाटलं, विचार करतोय.

प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे त्याला सांभाळून घेतोय. अख्खा कारखाना त्या एका माणसाला झोपवून ठेवायला राबत होता आणि त्यालाच माया समजत होता. यात सगळ्यांत वरचा नंबर आपला, हे बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर, आपल्या मूळ आवाजात सांगितलं. साबणाच्या कारखान्यालाही कळलं. मग त्यांनी कारकुनाची माफी मागितली. ती मात्र त्याच्या टेबलाशी जाऊन, आणि खरोखरच हळू. आता त्यांना ते जमू लागलं होतं. कारकुनाने टोपी काढली. खाली काहीच नव्हतं, नुसतं गोटा टक्कल. "बायकोला सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, तिला लग्नाआधीपासून माहीत होतं."

मोजपट्टी परत आला तो पाच किलो कमी होऊन. त्याला मशीनपासून लांब, नमुने बनवायच्या टेबलावर बसवलं. नव्या खोक्याचा कागदावर आराखडा काढायचा, हाताने एक कापून दाखवायचं. दर गुरुवारी संध्याकाळी तो नशेतून सुटलेल्या आणि सुटू पाहणाऱ्या माणसांच्या बैठकीला जाऊ लागला. पंचिंग मशीनची जाळी बाईंनी स्वतः कात्रीने दोरी कापून खाली सोडली. काम खरंच हळू झालं. मालकांनी एकदा त्यावर तोंड उघडलं आणि बाईंकडे पाहून पेपरमिंट घालून मिटलं.

सगळं सुरळीत झालं असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. सातव्या आठवड्यात एका सकाळी मोजपट्टी दारातच बाईंसमोर थांबला. डोळे खाली.

"ताई, काल घेतलं. एक बाटली. पाहुण्यांच्या घरी कपाटात दिसली. आज माझ्या हातात कात्रीसुद्धा देऊ नकोस."

बाईंच्या मनात काय काय येऊन गेलं! कानाखाली द्यावी, गळ्यात पडावं, दुकानदाराला जाऊन जाळावं. ती बाटली त्याच्या दुकानातली नव्हती, तरीही. यातलं काहीच न करता त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"आधी तुला सांगायला आलो."

"मग चल, फोन लावू. आणि खाऊन आलास का काही?"

तो खाऊन आला नव्हता. मालकांची बिस्किटं होती.

तो मशीनवर परत गेला नाही. आठ महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाल्या, पण त्यानेच नको म्हटलं. मशीन आता डिंकवाली चालवते. तिला शिकवलं मोजपट्टीनेच, आणि पहिली अट घातली, की कानात काही नको. ती त्याच्याइतकी नेमकी नाही, पट्टी लावून बघते. बोटं दहाच्या दहा आहेत.

वर्षाअखेरीला मालकांनी ठरवलं की या बाबतीत कारखान्याचे लेखी नियम हवेत. कारकून लिहायला बसला, बाई सांगायला. सगळं नीट चाललं होतं, तोवर मालक म्हणाले, "एक कलम घाला. कामावर नशेत आढळल्यास तत्काळ नोकरीवरून कमी."

"हे नको," बाई म्हणाल्या.

"अहो, सगळीकडे असंच लिहितात."

"लिहीत असतील. मग तुम्हाला सांगायला कोण येईल? झाकायला मात्र बत्तीस जण तयार असतील. आपण पाहिलं ना एकदा."

दोन दिवस या कलमावरून केबिनमध्ये झकाझकी चालली. आवाज एकाचाच येत होता, पण झकाझकी होती. शेवटी कारकुनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'जो स्वतः येऊन सांगेल त्याची नोकरी जाणार नाही. मशीन मात्र त्या दिवशी मिळणार नाही. मदत नाकारून जो पुन्हा मशीनवर उभा राहील, त्याला घरी पाठवले जाईल.' शेवटचं वाक्य मोजपट्टीने सुचवलं होतं. बाईंना ते कडक वाटलं. तो म्हणाला, "राहू दे ताई. मला तरी हे लागतं."

कागद दाराशेजारी चिकटवला. तो चिकटवून दहा दिवस झाले असतील नसतील, जेवणाच्या सुट्टीत मालकांनी बाईंना आत बोलावलं. बराच वेळ ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"बाई, माझा एक मित्र आहे," ते म्हणाले. "म्हणजे मित्रच आहे, खरोखरचा. कॉलेजपासूनचा. त्याचं जरा... त्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का? आणि त्याच्याशी बोलायचं कसं, ते मला सांगाल का? मला तर सुरुवातच सुचत नाही. हवेबद्दल बोलून झालंय दोनदा."

बाईंनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. खुर्ची पुढे ओढली.

"कामात त्याच्या काय बदललंय," त्यांनी विचारलं, "ते आधी सांगा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेवढंच."

मालक सांगू लागले, आणि पंधरा मिनिटं बाई मधे एक शब्द बोलल्या नाहीत.